दोस्त राष्ट्रांचा मातीचा गोळा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिंडोरीची आमची द्राक्षबाग तीन भावांत वाटली गेली. पाखरं मात्र तिन्हीकडे पंगतीला यायची. थोरले दादा देवळालीच्या लष्करी भांडारातून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी लगेच पाखरांविरुद्ध दोस्त राष्ट्रांची फौज उभारली. फौज म्हणजे ते, मधले आप्पा, मी आणि माझी बायको.

"महायुद्धात इंग्रज-अमेरिकन एका बाजूला," दादा ओट्यावरून सांगत, "पण याची गोळी त्याच्या रायफलीत बसेना. शेजारी पेटी भरलेली अन् रायफल रिकामी! आपल्यात तसं नको. तिघांचा गोळा एकच."

दगडाने घड फुटतात, म्हणून आम्ही मातीचे वाळवलेले गोळे मारायचो. दादा गोफणीने लिंबाएवढे, आप्पा आणि मी बेचकीने बोराएवढे.

"मग बोराएवढाच ठरवू," मी म्हणालो. "हलका आहे, पिशवीत जास्त मावतो."

"बोरं खायची असतात," दादा म्हणाले. "गोळ्यात दम पाहिजे!"

आप्पांनी दादांच्या बाजूने हात वर केला. विहीर दादांच्या वाट्याला आली होती आणि पाणी आम्हा दोघांनाही तिचंच लागायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. आमचे बारीक गोळे भिजवून त्यांची लिंबं वळली गेली आणि बेचक्या दादांकडे जमा झाल्या.

"पण मांडवाखाली गोफण फिरवणार कुठं?" बायकोने विचारलं. लष्करी बाबी तुला कळायच्या नाहीत, असं मी तिला नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती.

घडांत साखर भरली आणि साळुंक्या माझ्याच बागेत उतरल्या. माल निर्यातीचा, टोचलेले मणी दिसले की व्यापारी पाठ फिरवणार. मी गोफण फिरवली, ती मांडवाच्या तारेत अडकली आणि गोळा माझ्याच गुडघ्यावर आला. साळुंक्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा खायला लागल्या.

लंगडत दादांकडे कुमक मागायला गेलो. दादा त्यांच्या बागेत बेचकी ताणून उभे. बेचकी माझी.

"दादा, हे काय?"

"अरे, हलकं पडतं. पिशवीत जास्त मावतात."

पुढे कुठेतरी वाचलं, की महायुद्धानंतर खऱ्या दोस्त राष्ट्रांतही असंच झालं होतं. अमेरिकेने आपली जड गोळी सगळ्यांच्या गळ्यात मारली, बाकीच्यांनी तिच्या मापाच्या रायफली केल्या, आणि मग ऐन लढाईत अमेरिकेने स्वतः हलकी घेतली. वाचून बरं वाटलं. माझा मूर्खपणा तरी निर्यातीच्या दर्जाचा निघाला.

व्यापारी दादांचा माल भरून घेऊन गेला. माझा बेदाण्याला गेला.

"पुढल्या वर्षी सगळ्यांनी बेचकीच," दादा म्हणाले. "ठराव करू."

आप्पांनी हात वर केला. माझे हात बेदाणा निवडण्यात गुंतले होते, म्हणून मी मान डोलावली.