एका गाडीची जागा

आमच्या इमारतीचा रॅम्प मी तोडायला लावला. हातोडा माझ्या हातात नव्हता, पण हिशेब माझा होता आणि ठरावही माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा तसंच म्हणणं बरोबर.

मांडवीजवळची आमची जुनी दोन मजली, आठ बिऱ्हाडांची सोसायटी पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहिली. मजल्याला दोन घरं, एकूण चौदा. तळात गाड्या, मधोमध लिफ्ट. पावसात आवारात पाणी भरतं म्हणून लिफ्टपुढची जागा दोन फूट उंच घेतलेली. तिथून उतरायला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या आणि बाजूला रॅम्प. आर्किटेक्ट बाईंनी नकाशावर बोट ठेवून समजावलं होतं, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, दोन फुटांना चोवीस. बारा फूट जायचं, चार फुटांत वळायचं, बारा फूट परत यायचं. सोळा बाय आठात सगळं बसलं. मला ती मांडणी तेव्हा फार आवडली होती.

मग राहायला आलो, पालिकेचा दाखलाही हातात आला, आणि कळलं की घरं चौदा आणि गाड्यांच्या जागा तेरा. जागेवाचून राहिले होते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्याकडे गाडी नाही. गाडी ठाण्यातल्या मुलाची, आणि तो येतो गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. पण त्यासाठी त्यांनी जागा मागितली तेव्हा सभेत कुणी हरकत घेतली नाही. आमच्याकडे निम्मं घर येणाऱ्यांसाठीच बांधलेलं असतं. येणाऱ्यांची खोली, येणाऱ्यांच्या गाद्या, तशीच येणाऱ्यांची गाडी. मी सचिव. टेप घेऊन खाली गेलो आणि सभेला सांगितलं, रॅम्प बरोब्बर एका गाडीएवढा आहे आणि गॅसवाल्याशिवाय तो कुणी वापरत नाही. टाळ्या पडल्या. दोन दिवसांत काँक्रीट फुटलं. चौदा घरांत सत्तरीच्या वरचे नऊ जण आहेत. ते मी मोजले, पण नंतर.

पुढच्याच वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं आणि चाकांची खुर्ची आली. खुर्चीची रुंदी पंचवीस इंच, लिफ्टचं दार एकतीस. पाचव्या मजल्यावरून खाली यायला काहीच अडचण नव्हती. अडचण शेवटच्या चार पायऱ्यांची.

रोज संध्याकाळी मांडवीला जाऊन समुद्रासमोर बसायचं, हा आईचा चाळीस वर्षांचा नेम. पहिल्या दिवशी मी, बायको, वॉचमन आणि समोरचे शेजारी अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून उतरवलं. तिने डोळे मिटून घेतले होते. घरी परत आल्यावर म्हणाली, "पुरे झालं. चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी काय बोलणार नाय. आत्ता बोलत्ये."

तीन महिने ती खाली आली नाही. आमच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात. "सहा आहेत," एकदा ती म्हणाली. "डावीकडची गळत्ये."

मी आठ फुटी फळी आणून पायऱ्यांवर टाकली. आईचं वजन एकावन्न किलो, म्हणून खुर्चीत पंचवीस किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या ठेवल्या. उतार तिपटीने जास्त झाला होता, हे मला माहीत होतं, तरी करून पाहिलं. खुर्ची हातातून सुटली, भिंतीवर आपटली आणि तांदूळ पार्किंगभर पसरला. बायको झाडू घेऊन आली. म्हणाली, "बरं केलंत, आधी तांदूळ बसवलेत."

मग गुरुजींकडे गेलो. त्यांच्या मुलाची गाडी वर्षात एकोणीस दिवस उभी होती. तारखा कागदावर लिहून नेल्या होत्या. त्यांनी पेपर तपासावा तसा तो कागद वाचला.

"हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचा तेव्हाचाही बरोबरच होता."

"गुरुजी, माझी जागा घ्या. मागची."

"ती खांबात आहे ओ. त्याची गाडी मोठी, दार उघडणार नाय. मोजून बघा."

मोजलेलं होतं. खरं होतं.

"शिमग्याला फोन केलान तेव्हा पहिलं काय विचारलान, माहित्ये?" ते म्हणाले. "बाबा, गाडी आत लागेल ना? मी कसा आहे ते त्यानंतर. जागा नाय म्हटलं तर यायचाच नाय तो. मला त्या एकोणीस दिवसांवर अख्खं वर्ष काढायचं असतं."

मी कागद परत हातात घेऊन तारखा पाहिल्या. शेवटी मी म्हटलं, "एकोणीस तुमचे. उरलेले आम्हाला द्या."

वेल्डिंगवाल्याकडून त्याच जागेवर, जुन्याच मापाचा खडबडीत पत्र्याचा रॅम्प करून घेतला. सहा तुकडे, नटबोल्टचे. दोन माणसांना काढायला चाळीस मिनिटं, लावायलाही तेवढीच. सगळा हिवाळा आई रोज मांडवीला गेली. शिमग्याला आणि मेमध्ये मी तो काढला आणि परत लावला. पावसात ती उघाडी बघून जायची. माझी कंबर आता त्या तुकड्यांना ओळखते.

गणपतीच्या आधी गुरुजी आमच्याकडे आले. खुर्चीत टेकेपर्यंत त्यांना दम लागला. "परवा रात्री येतोय. नऊ दिवस."

"येऊ दे की," आई म्हणाली. "गणपतीला पोरं नाय येणार तर कधी?"

ते गेल्यावर तिने मला विचारलं, "नऊ म्हणाले ना?"

"नऊ."

"म्हणजे दहाव्या दिवशी संध्याकाळी."

"हो. पाऊस नसला तर."

"मग उद्या दोनदा जाऊया."

दुसऱ्या दिवशी दोनदा गेलो. सकाळी ऊन चटकत होतं. मी दोनदा विचारलं, पण ती परत फिरायला तयार होईना. छत्री धरून उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाना घेऊन खाली बसलो. गुरुजी न बोलावता आले आणि तुकड्यांची दुसरी बाजू धरायला लागले. नको म्हटलं तरी ऐकेनात. चाळीसची सत्तर मिनिटं झाली. शेवटचा तुकडा भिंतीला टेकवल्यावर त्यांनी वॉचमनकडून झाडू मागून घेतला आणि मोकळी झालेली जागा कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली. मी हात धुतले आणि वर गेलो.