पेराला नऊ टाके

आमच्या हट्टा गावात ट्रॅक्टरची सीट फाटली की ती नासेरभाईकडंच जाते. तीसेक वर्षं झाली, माणूस सीटाच शिवतो. हात चांगला, तोंड त्याहून तेज. दुसऱ्याची शिलाई त्याला कधी पटलीच नाही. लग्नाला गेला तरी आधी मांडवाची शिवण बघणार. दवाखान्यात तपासायच्या टेबलावर पडल्या पडल्या त्यानं रेक्झिनचा उसवलेला कोपरा डॉक्टरलाच दाखवला होता.

गेल्या जानेवारीत त्याच्या दुकानासमोरच्या गतिरोधकाशी एक गाडी येऊन थांबली. नाक गुडघ्याएवढं, पाठ मागं चढत गेलेली, अगदी पाचरीसारखी. रंग ओल्या हळदीचा. गाडी इटलीची, मालक हैदराबादचा. प्रदर्शनाला निघालेली; वाहून नेणारा ट्रक वाटेत बंद पडला, म्हणून मोहनसिंग नावाचा ड्रायव्हर ती चालवत नेत होता.

"दुनिया में चालीसच बनी है," तो कपाळ पुसत म्हणाला, "और ये ब्रेकर पे अटक गई."

खाली फळ्या टाकल्याशिवाय ती पार होणार नव्हती. गावातल्याच भागवतच्या ट्रॅक्टरची सीट तेव्हा नासेरकडं शिवून तयार होती, ती न्यायला तो आलेला. "आणतो फळ्या," म्हणून तो घराकडं पळाला. तेवढ्यात नासेर चष्मा चढवून बाहेर आला.

"सीट बघू का?"

मोहनसिंगनं दार उघडलं. ते बाजूला न होता सरळ वर गेलं. गर्दी दोन पावलं मागं सरली. नासेरनं गुडघे टेकून डोकं आत घातलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. आता इटलीची काही खैर नव्हती.

"सीट मागंपुढं कशी होते?" आतून आवाज आला.

"सीट नहीं हिलती, चाचा. पैडल सरकते. सीट गाडी के ढाँचे में ही बनी है."

"मंजी आधी माणूस बसवला अन् मंग गाडी केली?"

"वैसाच समझो."

फळ्या आल्या, गाडी पार झाली, टाळ्या पडल्या. आम्ही विचारलं, "काय खोट निघाली, नासेरभाई?"

"बघून राहिलो ना," तो म्हणाला. गाडी तोवर फाट्याच्याही पुढं गेली होती.

दुपारी तो जेवताना बोलेना, तशी त्याची बायको खुर्शीदबी घाबरली. "तब्येत बराबर न्हाई का?"

"टाके मोजले. बोटाच्या पेराला नऊ. सगळीकडं नऊ. वळणावर बी."

"मंग?"

"वळणावर माझे सहाच होतात."

खुर्शीदबीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. "तीस वर्षांत दुसऱ्याची तारीफ आज ऐकली," ती म्हणाली. "पोटभर जेवा."

जेवून तो उठला आणि भागवतची तयार सीट सगळी उसवून बसला. फळ्या घरी टाकून भागवत ती न्यायला आला, तर त्याला स्टुलावर बसवून नासेरनं त्याच्या पाठीचं, मांडीचं माप घेतलं.

"चाचा, सीट शिवायलेत का कोट?"

"हलू नको."

पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी भागवत त्या सीटभोवती दोनदा फिरला, हात लावायला धजेना. मग तिच्यावर सोयाबीनचं रिकामं पोतं अंथरलं आणि पोत्यावर बसला.

अजूनही ट्रॅक्टर दुकानावरून गेला की नासेर ओरडतो, "ते पोतं काढ रे!"

"घाण होईल ना, चाचा," म्हणत भागवत पुढं निघून जातो.