मंद्रूपच्या पिकअपचे चार इंजेक्टर

चौथा इंजेक्टर टेस्ट बेंचवर चढवला आणि तोही थुंकला. आधीचे तीन तेच करून बसले होते. चांगला इंजेक्टर थुंकत नाही, फवारतो. इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून कपड्यावर फुर्र करतो ना, तसं डिझेल इंजिनात बारीक उडालं पाहिजे. हे चौघे सर्दी झालेल्या नाकासारखे गळत होते.

गाडी मंद्रूपच्या बिराप्पाची. जुनी डिझेल पिकअप, दुधाच्या रूटवर चालणारी. पहाटे वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि सातच्या आत शीतकरण केंद्रावर पोचवायचं. गाडी वाटेत बंद पडून दोनदा दूध उशिरा गेलं होतं. पुन्हा उशीर झाला तर रूट दुसऱ्याला देईन, असं तिथल्या सुपरवायझरनं बजावलं होतं. बिराप्पानं घरची मेंढरं विकून गाडी घेतली होती. रूट गेला तर गाडी दारात आणि मेंढरं दुसऱ्याच्या दारात, असा मामला होता.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं डिझेल पंप आणि इंजेक्टरचं काम करतो. आमच्या घरात सगळे मागावर बसले, मी एकटाच डिझेलात पडलो. वडील पाहुण्यांना सांगायचे, हा गाड्यांना इंजेक्शन देतो. त्यावरून नात्यातल्या एक आजी अजून मला गुडघ्याचं औषध विचारतात.

आता इंजेक्टर कुठले घालायचे? कंपनीचे नवे घ्यावेत तर पिकअपची उरलीसुरली किंमत त्यातच जाणार, शिवाय डीलर म्हणाला आठ दिवस थांबा. डुप्लिकेट लगेच मिळतात. त्यांची खोकी इतकी देखणी असतात की ओरिजिनललाच संशयानं बघावंसं वाटतं. बिराप्पाच्या मेहुण्यानं भंगारात उभ्या असलेल्या गाडीचे इंजेक्टर सुचवले. ती गाडी का उभी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. चौथा मार्ग रिकंडिशनचा. म्हणजे बॉडी जुनीच ठेवायची, आतली सुई, नोझल आणि व्हॉल्व्ह नवे घालायचे.

मी रिकंडिशन निवडलं, आणि का निवडलं यावर बिराप्पाला अर्धा तास भाषण दिलं. तो गरीब माणूस माना डोलवत राहिला. कॉमन रेल गाडी होती, म्हणजे कुठल्या इंजेक्टरनं किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तिच्यात प्रत्येक इंजेक्टरचा एक कोड असतो, तो स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो. तेही केलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन दिवसांनी बिराप्पाच्या घरून खरवसाचा डबा आला. मी तो माझ्या हुशारीचा म्हणून खाल्ला.

तीन आठवडे झाले नाहीत तोच गाडी परत आली. चालत नव्हे, ट्रॅक्टरच्या मागं बांधून. सकाळी बोरामणीच्या रस्त्यावर पांढरा धूर सोडून बंद पडली होती. ट्रॅक्टरनं दूध केंद्रावर नेईपर्यंत ऊन चढलं, दूध नासलं आणि सगळं परत आलं. बिराप्पानं माझ्यासमोर फोन स्पीकरवर टाकला. सुपरवायझर शांतपणे बोलत होता, तेच जास्त वाईट वाटलं. उद्या सकाळी सातला गाडी आली तर आली, नाही तर दुसरा माणूस उभा आहे, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

या वेळी बिराप्पाची बायको महादेवी पण आली होती. आम्हा दोघांवरचाही तिचा विश्वास उडाला होता. ती बाकावर पदर खोचून बसली आणि आमच्याकडं बघत राहिली.

मी पहिलं काम केलं ते नोझलवाल्याला फोन लावून शिव्या देण्याचं. माल खराब पाठवला, माझं नाव घालवलं, वगैरे. तो पण काही कमी नव्हता. आमचं असं मजेत चाललेलं असताना माझे पार्टनर सलीमभाई यांनी एक इंजेक्टर खोलला आणि आतली सुई माझ्या तळहातावर ठेवली. सलीमभाई कमी बोलतात, आणि बोलले की माझं काम वाढतं.

"फोन रखो. उनका माल अच्छा हय. ये देखो, जंग."

सुईवर तांबूस गंज होता. डिझेलात गंज चढत नाही, पाण्यात चढतो. मी फिल्टरखालचा स्क्रू सोडून खालचं डिझेल बाटलीत घेतलं. दोन मिनिटांत बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी वेगळं झालं. फिल्टरात पाणी साठलं की डॅशबोर्डवर एक दिवा लागतो. तो का लागला नाही, म्हणून बिराप्पाला विचारलं. तर दिवा सारखा लागायचा, म्हणून त्यानं गावातल्या वायरमनकडून त्याची वायर काढून टाकली होती.

मग पाणी आलं कुठून? मी पेट्रोल पंपावर संशय घेतला. बिराप्पा म्हणाला, त्या पंपावर निम्मा तालुका डिझेल भरतो आणि सगळ्यांच्या गाड्या चालू आहेत. तो तिथून कॅननं डिझेल आणून घरी ठेवायचा, पहाटे पंप बंद असतो म्हणून.

"कसला कॅन?" मी विचारलं.

"दुधाचाच की, जुना. चेपलाय म्हणून डिझेलला काढलाय," महादेवी पहिल्यांदा बोलली. "पर घाण न्हाय हां मिस्त्री. रोजच्याला मी सोता गरम पाण्यानं धुती. दुधाच्या कॅनासंगट त्योबी पालथा घालती."

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बाटलीकडं बघितलं.

दुधाच्या घरात न धुता कॅन भरणं म्हणजे पाप. बाईनं वर्षानुवर्षं ते पाप केलं नव्हतं. बाकीचे कॅन पहाटेपर्यंत वाळायचे. या चेपलेल्या कॅनाच्या पोच्यात मात्र रोज थोडं पाणी राहायचं, आणि बिराप्पा त्यावर डिझेल ओतायचा. आधीचे चार इंजेक्टर असेच मेले होते, आणि मी वय झालं म्हणून त्यांना मोकळं केलं होतं. मला खरंच लाज वाटली. नोझलवाल्याला फोन करून माफी मागितली. त्यानं ती सावकाश, चवीनं ऐकली.

लाजेनं गाडी सुरू होत नाही. टाकी उतरवून धुतली, वाळवली, पाइपांतून हवा मारली, फिल्टर बदलला. चारांपैकी दोन इंजेक्टर साफ करून बेंचवर पास झाले. दोन संपले होते, आणि त्यांची नोझल दुकानात नव्हती. माझी स्वतःची गाडी त्याच मॉडेलची, वर्कशॉपच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

"निकालूं क्या?" सलीमभाईंनी विचारलं. पाना त्यांच्या हातात आधीच होता.

माझ्या गाडीचे दोन इंजेक्टर बिराप्पाच्या गाडीत गेले. कोड भरले. दिवे लागायच्या आत गाडी सुरू झाली. धूर नाही, ठोके नाहीत. डॅशबोर्डवरच्या दिव्याची वायरही मी जोडून दिली आणि तो लागला तर मला फोन करायचा, वायरमनला नाही, हे बिराप्पाकडून दोनदा वदवून घेतलं.

महादेवीला सांगितलं, तो कॅन आजपासून धुवायचा नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला आंघोळ सोडायला सांगितली.

"न धुता? कायमचंच?"

"कायमचंच."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला बिराप्पाचा फोन आला. गाडी केंद्रावर उभी होती, दूध उतरत होतं. रूट राहिला. माझी गाडी मात्र नवीन नोझल येईपर्यंत आठ दिवस दारात बसून राहिली. मी रिक्षानं फिरलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, चालणं तब्येतीला चांगलं.

पुढच्या महिन्यात मी मंद्रूपला मुद्दाम जाऊन आलो. दुधाचे कॅन अंगणात ओळीनं पालथे, चकचकीत. डिझेलचा कॅन गोठ्याच्या पलीकडं, बाभळीखाली, एकटा. महादेवीनं तो खरंच धुतला नव्हता. पण त्याला घरच्या कॅनांत बसूही दिलं नव्हतं.

तेव्हापासून जुनी गाडी आली की मी भाषण देत नाही. कुठले इंजेक्टर घालायचे, हा प्रश्न दुसरा. आधीचे कशानं गेले, हा पहिला. आणि तो मालकाला विचारून भागत नाही, मालकिणीलाही बोलवावं लागतं.