बिनगेरूची मेंढी

भीमेवरच्या पुलावर आबांनी शेजाऱ्याला गाडी हळू करायला लावली, तेव्हा माझ्या मांडीवरचं कोकरू झोपी गेलं होतं. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं, का माझंच, ते कळत नव्हतं. नदीवर जलपर्णीचं हिरवं कुरण पसरलेलं, पलीकडून कारखान्याचा गोडसर करपट वास येत होता, आणि ऊन असं तिरपं पडलं होतं की पूल कुठं संपतो ते दिसेना. मला वाटलं, न संपला तरी चालेल. मी तेव्हा दहावीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कमावून घरी चालले होते.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते मेंढरं घेऊन निम्मं वर्ष मुलूख फिरायचे. मग मांडवगण फराट्याला जमीन घेतली, ऊस लावला, घर बांधलं. पंधरावीस मेंढरं मात्र ठेवलीच. वडील म्हणायचे, आता कशाला हा व्याप. आबा ऐकून घ्यायचे आणि काठी घेऊन बाहेर पडायचे.

त्या दिवशी आम्ही खुटबावला, माझ्या आजोळी, यात्रेला गेलो होतो. मुलींच्या कबड्डीचा सामना होता आणि गावच्या संघातल्या एकीचा पाय मुरगळला. मी शाळेच्या संघात चढाई करते हे मामींनी चारचौघांत सांगितलं. मग काय, त्यांनी मला उसनी घेतली. सातव्या चढाईत मी तिघींना बाद करून परतले आणि सामना फिरला. उसन्या खेळाडूला रिकाम्या हातानं वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा तिकडचा रिवाज. पैसे द्यावेत तर मी भाची. म्हणून गावातल्या एका आप्पांनी आईविना वाढलेलं एक कोकरू आणलं, त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि माझ्या हातात ठेवलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. स्पीकरवरनं ते पुकारलंही गेलं. आबांची मान त्या दिवशी अशी ताठ होती की फेटा गाडीच्या छताला लागेल असं वाटावं.

महिन्याभरानं दौंडला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. आधी एक छापील फॉर्म भरून द्यायचा होता. नाव, जन्मतारीख, शाळेचा शिक्का, आणि शेवटी एक ओळ: मी कोणत्याही सामन्यात रोख अथवा वस्तुरूपाने मोबदला घेऊन खेळलेली नाही. खाली सही. आमचे खेळाचे सर घाईत होते. "वाचत काय बसलीस? उरक," म्हणाले.

मी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. पण मी वकिलाच्या वरताण हुशार. वस्तू म्हणजे बादली, पंखा, सायकल, असा मी मनाशी वाद घातला. कोकरू ओरडतं, दूध पितं, मागं मागं येतं, ते कुठं वस्तू असतं? आणि मोबदला मी मागितलाच नव्हता. एवढं सगळं मनाला पटवायला लागतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. सही केली. ठसठशीत, शेवटी खाली गोल वळण असलेली. ती सही मी आदल्या दिवाळीत घराच्या भिंतीवर खडूनं गिरवून बसवली होती. आबांनी ती कुणाला पुसू दिली नव्हती. त्यांना स्वतःला अंगठाच यायचा.

दौंडचं ते मैदान मला अजून स्वप्नात दिसतं. स्वप्नात ते फार मोठं असतं. रेल्वेचं इंजिन कुठंतरी शिट्टी देतं, पांढऱ्या फक्कीच्या रेषा उन्हात हलतात आणि मी दम धरून समोरच्या अंगणात जाते, पण तिथं कुणीच नसतं. खरं तर त्या दिवशी गर्दी होती. सकाळी आम्ही उपांत्य सामना जिंकलो. अंतिम सामना दुपारी होता आणि त्यानंतर जिल्ह्याचा संघ निवडणार होते. त्या संघात माझं नाव यावं, याखेरीज मला जगात दुसरं काही नको होतं. दहावीनंतर माझं लग्न जुळवायची घरात कुजबुज सुरू झाली होती. संघात आले असते तर खेळाच्या जोरावर पुढं कॉलेजात प्रवेश होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि दुपारी आबा आले. शेजाऱ्याच्या पिकअपमधून, काखेत कोकरू घेऊन.

"हिला कशाला आणलं?" मी विचारलं.

"हिच्या धनिनीचा खेळ हिनं बघाया नको व्हय?" आबा म्हणाले.

ते मैदानाच्या कडेला बसले. जो कोणी कोकराच्या पाठीवर हात फिरवायला यायचा, त्याला सगळी कहाणी सांगायचे. नात खुटबावला कशी खेळली, तीन गडी कसे बाद केले, आन् हे कोकरू कसं मिळालं. ऐकणाऱ्यांत समोरच्या शाळेचे सरही होते. त्यांनी कोकराला गवताची काडी भरवली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर हरकत लिहून टेबलावर नेऊन दिली. त्यांना मी तेव्हा मनातल्या मनात दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्यांचं चुकलं काय?

इथं एक सांगायला हवं. आमच्या लोकांत मेंढराबद्दल खोटं बोलत नाहीत. बाकी थापा मारायला हरकत नाही, लग्न जुळवताना तर मारतातच. पण रानात दोन कळप मिसळले की कुठलं कुणाचं हे नुसत्या तोंडाच्या शब्दावर ठरायचं. तिथं खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी पुन्हा कुणी मुक्काम करायचं नाही. आबांनी हे मला चालायला शिकवलं तेव्हापासून शिकवलं होतं.

टेबलामागचे साहेब भले वाटले. त्यांनी आधी मलाच विचारलं, "हे कोकरू तुला खेळल्याबद्दल मिळालं का?"

मी पायाच्या अंगठ्यानं फक्की उकरत राहिले. आमचे सर माझ्यामागं उभे राहून घसा खाकरत होते.

मग साहेबांनी आबांना जवळ बोलावलं, फॉर्ममधली ती ओळ सावकाश वाचून दाखवली आणि खाली बोट ठेवलं. आबांना अक्षर येत नव्हतं, पण ते गोल वळण येत होतं. त्यांनी ते पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं ओळखीचं मेंढरू परक्या कळपात दिसावं तसं.

"कोकरू हिला न्हाई दिलं, सायेब," आबा म्हणाले. "म्या मागितलं."

"तुम्ही मागितलं?"

"व्हय. म्हातारा मानूस, हाताला चाळा पायजे. म्हून मागून घेतलं."

"मघाशी तर तुम्ही वेगळंच सांगत होता," समोरचे सर म्हणाले.

"मघाशी फुशारकी मारली."

मागं कुणीतरी हसलं. ज्या माणसानं दुष्काळातही कुणाच्या बांधावर पेंढीभर चारा मागितला नव्हता, तो परक्या माणसांच्या घोळक्यात उभा राहून सांगत होता की मी कोकरू मागून आणलं. मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. थांबवलं नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि शाईचं पॅड पुढं केलं. आबांनी अंगठा उठवला. हरकत फेटाळली गेली.

मी खेळले. जिंकलो. संघात माझं नाव आलं. राज्याला आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो, पण प्रमाणपत्र मिळालं आणि त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. लग्नाची कुजबुज थांबली, कॉलेज झालं, आज मी शिक्रापूरला शाळेत खेळ शिकवते. लाज मात्र गेली नाही.

दौंडहून परतताना आबा पिकअपच्या मागच्या बाजूला बसून धोतराला अंगठा पुसत होते. त्या विषयावर ते कधीही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी सगळ्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. तो पट्टा म्हणजे आमच्या घरची खूण. कोकराला तेवढा ओढला नाही.

"हिला?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. पाव्हनी हाय."

ती पाहुणी मोठी झाली, व्याली, म्हातारी झाली. तिच्या पोरींच्या पाठीवर गेरू चढला, तिच्या नाही. उन्हात कळप परतताना ती एकटी काळीशार दिसायची, आणि मी नजर दुसरीकडं वळवायची.

यंदा मी शाळेत मुलींचे फॉर्म भरून घेत होते. ती ओळ अजून आहे. मी ती मोठ्यानं वाचून दाखवते, घाई करत नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वस्तू म्हणजे काय काय?" तिची नजर इतकी सरळ होती की मी यादी सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

त्या रविवारी गावी गेले. मेंढरं बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं. आबा बाजेवर बसले होते, थकलेले, पण नजर शाबूत. गिऱ्हाइकानं काळीकडं बोट दाखवलं. "ही बिनगेरूची कुनाची?"

आबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "माझी हाय. खुटबावला खेळले, त्याची मिळाली. आबांनी मागितली नव्हती. दौंडला मी खोटी सही केली होती."

गिऱ्हाईक गोंधळून दोघांकडं पाहत राहिलं. त्याला बिचाऱ्याला भाव विचारायचा होता. आबा उठले, आत गेले आणि गेरूची वाटी घेऊन बाहेर आले.

"धर तिला नीट," ते मला म्हणाले, आणि त्यांनी वाटीत अंगठा बुडवला.