मावसाजींचं आपोआप सरकणारं फाटक

गोदावरी आणि पैनगंगा यांच्या मधल्या मुलखात माझ्या मावसाजींइतक्या संशयानं वस्तू विकत घेणारा दुसरा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. तहसील कचेरीत पेशकारी करण्यात, म्हणजे तहसीलदारापुढे लोकांचे अर्ज आणि कागद मांडण्यात, त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पण मुआयना, म्हणजे जागेवर जाऊन केलेली तपासणी, सुटला नाही. बाजारातलं वांगंसुद्धा ते वादातल्या जमिनीसारखं चारी बाजूंनी तपासत. छत्री घ्यायची तर दुकानदाराला ती उघडून तिच्याखाली बसायला लावत आणि वरून स्वतः बादली ओतत. एकदा गादी घ्यायला गेले ते दुकानातच दुपारभर झोपले आणि उठल्यावर, "डाव्या कुशीले टोचते," असा निकाल देऊन घरी आले. निघताना दुकानदारानं त्यांना चहा पाजला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

या साऱ्या मुआयन्यांत माझी हजेरी ठरलेली. कारण मी एकदा त्यांचा रेडिओ दुरुस्त केला होता. त्यानंतर तो रेडिओ फक्त तेलुगू बोलायचा, तरी घराण्यातला वीजतज्ज्ञ अशी माझी जी ख्याती झाली ती झालीच.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. आदिलाबादेतल्या एका नव्या वसाहतीत मावसाजींचं घर होतं. त्यांची स्कूटर लोखंडी फाटकाबाहेर थांबून हॉर्न द्यायची, मग मावशी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून यायची आणि ते जडशीळ फाटक ओढून उघडायची. वर्षानुवर्षं हेच. पुढे मावशीचे गुडघे गेले. डॉक्टरनं पायऱ्या बंद करायला सांगितल्या, तर मावशीनं डॉक्टर बंद केला.

"मावसाजी, तुम्हीच उतरून उघडत जा ना," असं मी सुचवून पाहिलं.

"उतरून पाह्यलं बापू. स्कूटर स्टँडवर लावेपर्यंत ही येऊन उभी राहते. हिचे कान अजून वीस वर्षाचे हायेत, गुडघेच तेवढे म्हातारे झाले."

अशात ते नागपूरला एका लग्नाला गेले आणि तिथल्या कापसाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यावर त्यांनी आपोआप सरकणारं फाटक पाहिलं. लग्न राहिलं बाजूला. ते आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. पहारेकऱ्यानं दर वेळी सलाम ठोकला. परतल्यावर हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी मला गाठलं. "बापू, नुसतं बटन! बटन दाबलं का फाटक असं बाजूला होते, जसा तहसीलदार आल्यावर चपराशी!" त्यांचे डोळे चमकत होते. "आता पाह्यतो, हिचे गुडघे कसे उतरतात पायऱ्या."

मग फाटकवाल्यांच्या पेशी सुरू झाल्या. नागपूरहून टाय लावलेला एक तरुण रंगीत पुस्तक घेऊन आला. हैदराबादहून एक गृहस्थ आले, ते मोटर थेट परदेशी असल्याचं तेलुगूतून सांगत होते. वीजतज्ज्ञ या नात्यानं मी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली. मावसाजींचा प्रश्न मात्र एकच होता. "फाटक बंद होऊन राह्यलं अन् मधात एखादं गुडघे दुखणारं माणूस अटकलं, तर?"

"सर, तशी वेळ येतच नाही," टायवाला म्हणाला. मावसाजींनी त्याला पोहे खाऊ घालून रवाना केलं. हैदराबादचे गृहस्थ म्हणाले, तशी सोय वेगळी मिळते, पुढच्या खेपेला पाहू. त्यांनाही पोहे मिळाले.

तिसरा इचोड्याचा मिस्त्री. महामार्गावर ट्रकच्या गॅरेजात काम करणारा, तोंडात पान आणि बोलण्यात असा तोरा, की त्या रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक जणू याच्याच परवानगीनं धावतो. प्रश्न ऐकून तो छातीवर हात मारत म्हणाला, "साब, फाटक बंद करो, बीच में हम खड़े रहते!"

"मंजूर!" मावसाजी ओरडले.

मोटर बसली, रूळ बसले, आणि चाचणीच्या दिवशी सगळी वसाहत फाटकाशी गोळा झाली. मिस्त्री शब्दाला जागून मधे उभा राहायला निघाला, तर मावसाजींनी त्याला हातानं थांबवलं. घरात जाऊन ते कापूस भरलेलं पोतं पोटाला बांधून आले. "घर माहं हाय, मुआयनाही माहाच. बापू, दाब!"

"अवं मायबाई! या वयात काऊन जीव देऊन राह्यले?" मावशी व्हरांड्यातून ओरडली.

मी डोळे मिटून रिमोट दाबला. फाटक घरघरत आलं. लोक ओरडायला लागले. मी डोळे उघडले तेव्हा फाटक पोत्याला टेकून थबकलं होतं आणि मग एखाद्या लाजऱ्या जावयासारखं मागे सरकत होतं. टाळ्या, शिट्ट्या! मिस्त्रीनं मावसाजींना पोत्यासकट उचललं. मी वीजतज्ज्ञ म्हणून कोणाचे तरी हार स्वीकारले.

पण दुसऱ्याच दिवशी मावसाजींनी रिमोट दाबून स्कूटर आत घेतली, तर मावशी लंगडत पायऱ्या उतरून खाली उभी.

"अवं, काऊन उतरली? फाटक उघडलं ना!"

"उघडलं," मावशी म्हणाली. "अन् आमचं काम गेलं. आता तुमी आले का गेले, कोणाले काय फरक पडते?"

वांग्यापासून गादीपर्यंत सगळं तपासणाऱ्या या माणसानं एवढं मात्र तपासलं नव्हतं. सकाळी इचोड्याला निरोप गेला. मिस्त्रीनं रिमोट काढून घेतला आणि व्हरांड्यातल्या मावशीच्या खुर्चीशी एक बटन बसवलं. ते दाबून धरलं तरच फाटक सरकणार, सोडलं की थांबणार. मावसाजी पुन्हा बाहेर उभे राहून हॉर्न द्यायला लागले. "थांबा जराक, शेंगा निवडू द्या!" असं मावशी आतून सांगायची आणि पेशकारसाहेब स्वतःच्या फाटकाशी अर्जदारासारखे थांबायचे. असे खूश मी त्यांना नोकरीतही कधी पाहिले नव्हते.

एका उन्हाळी दुपारी मी मावशीजवळ बसलो होतो. लाईट सकाळपासूनच गेली होती. बाहेर हॉर्न झाला, मावशीनं बटन दाबलं, आणि फाटक सरकायला लागलं! मी चक्रावून उठलो. पाहतो तर मावसाजींनी गजांतून हात घालून फाटक मोटरपासून सोडवलं होतं आणि फाटकाला खांदा लावून ते ढकलत होते. घामानं भिजलेले, पण चाल अगदी मोटरचीच.

"मावशी," मी हळूच म्हणालो, "लाईट नाही."

"डोक्यावर पंखा बंद हाय. मले काय दिसत नाही?" मावशीनं बटनावरचं बोट हलवलं नाही. "पुरं उघडू दे. मी मधातच सोडलं, तर हे थांबून जातीन ना रे."