काकवीचा बार्बेक्यू सॉस

धाकट्या भावाने पुण्याहून गावी येताना गाडीच्या डिकीत कोळशाची शेगडी आणली. जाळी, चिमटे, कोंबडीला सॉस लावायचा ब्रश, सगळं होतं. फक्त बार्बेक्यू सॉसची बाटली तो पुण्याच्या घरीच विसरून आला होता. कोरेगावच्या बाजारात चार दुकानं फिरून तो टोमॅटो केचप घेऊन परतला, तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं.

मी माधवनगरहून दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. म्हटलं, "रडतोस काय? घरी करू."

"ताई, त्यात मोलॅसिस लागतं. उसाच्या रसाचा काळा पाक."

"मग काकवी काय असते रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि दुसऱ्या क्षणाला किल्ली घेऊन पळाला. रहिमतपूरच्या रस्त्याला गुऱ्हाळ चालू होतं. तो कडीच्या डब्यात काकवी घेऊन आला, तेव्हा डबा हाताला अजून गरम लागत होता. आम्ही दोघांनी बोटं बुडवून चाखली. लहानपणी असंच करताना आईच्या हातचा मार खाल्ला होता. आता आई नुसतीच ओरडली.

आबा पडवीत खाटेवर पेपर वाचत बसले होते. आबा म्हणजे आमचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. एके काळी शेजारच्या घरात कालवणाला फोडणी पडली की वासावरून ते मासळी सुकी की ओली ते सांगायचे. पण गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला आणि वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. तेव्हापासून आबा पानावर बसायचे, समोर येईल ते गिळायचे, उठायचे. खारट-गोड कळायचं, बाकी काही नाही. आई हळूच डोळे पुसायची. एकदा त्यांच्या शेजारच्या चुलीवर दूध करपलं, धूर झाला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"आबा, बार्बेक्यू सॉस करतोय," भाऊ म्हणाला.

"करा की. मला काय, माती घातली तरी चालंल," पेपरामागून उत्तर आलं.

अंगणातल्या चुलीवर मी पातेलं ठेवलं. कांदा, लसूण लालसर परतला, टोमॅटोचा रस ओतला. चिंचेचा कोळ, मोहरीची पूड, मिरी आणि आईचा कांदा-लसूण मसाला. वरून काकवीची धार. व्हिनेगर घातल्यावर असा झणका उठला की आम्ही दोघं ठसकत मागे सरलो. थोड्या वेळाने रस दाटला आणि उडायला लागला. माझ्या मनगटावर, भावाच्या चष्म्यावर, भिंतीवर, सगळीकडे लाल ठिपके. भाऊ हसत होता, मी एका हाताने ताट ढालीसारखं धरून ढवळत होते.

आईने बोट लावून बघितलं. "ही तर चिंचेची चटणी झाली."

भावाने चमचाभर तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. "ताई, जवळ आलोय! लय जवळ! फक्त धूर पाहिजे."

धुराचं आईने मनावर घेतलं. तिने चुलीतला फुललेला निखारा वाटीत घेतला, वाटी सॉसवर अलगद तरंगत ठेवली, निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडलं. चर्रर्र आवाज झाला, पांढरा लोट उठला. झाकण ठेवायला गेली तर तेच सापडेना. "आगं ताट दे, ताट दे!" असा गोंधळ चालला असताना धूर सगळा पडवीत गेला.

आणि पेपर खाली आला.

"काय जळतंय गं?"

ताट माझ्या हातातच राहिलं. आईने चमचा खाली ठेवला. ती अगदी हळू म्हणाली, "काय म्हणालात?"

"तूप जळतंय. आन् गुळावानी कायतरी." आबा उठून उभे राहिले. नाकपुड्या फुगवून त्यांनी पुन्हा हवा ओढली. "व्हय. येतोय. आवं, येतोय मला वास!"

आई तोंडाला पदर लावून मटकन ओट्यावर बसली. भावाने आबांना मिठीच मारली. मग सुरू झाली परीक्षा. मी लसूण ठेचून आणला, काही नाही. हिंगाची डबी, काही नाही. कॉफी, नाही. पुन्हा निखारा, पुन्हा तूप, आणि आबा पातेल्यावर वाकून लहान पोरासारखे, "हाय! हाय की!" चार वेळा तरी धूर दिला असेल आम्ही.

कोंबडी शेगडीवर लावायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. शेवटी भावाने घाईघाईने कोळसा पेटवला, तुकड्यांना ब्रशने सॉस फासला. काकवीमुळे कडा काळ्या झाल्या, खरपूस चिकट. सॉस धुराने इतका कडवटला होता की माझ्या घशाला लागला, पण आबांनी भाकरीला तो थापून, नुसता, मिटक्या मारत खाल्ला. आई जेवलीच नाही. ती त्यांच्याकडे बघत बसली होती.

वास सगळा परत आलेला नाही. पुढच्या काही आठवड्यांत आधी फिनेलचा आला, मग रॉकेलचा, मग ओल्या मातीचा. मोगऱ्याचा अजून नाही. त्या दिवशी मात्र उरलेल्या सॉसची बरणी कुणी घ्यायची यावर भाऊ आणि आबांची चांगलीच जुंपली. भाऊ म्हणत होता, शेगडी माझी. आबांनी बरणी काखेत मारली आणि सरळ खोलीत जाऊन दार लावून घेतलं.