कानातले बोळे

हे सांगायला मी याआधी दोन-तीनदा तोंड उघडलं आहे. एकदा बहिणीपुढे, एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीपुढे. दर वेळी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. बहिणीच्या वेळी तर चक्क भरताच्या वांग्यांवर घसरले. म्हणजे हे अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर नाही, आणि मध्येच "अगं, पण" म्हणणार नाही. अशा माणसाशी बोलणं किती सोपं असतं, हे मला एका बाईनं दाखवलं. तिचीच गोष्ट आहे ही. म्हणजे — माझी.

मी राहते जळगावात, मेहरूणच्या बाजूला, आणि नोकरी धुळ्याला. रोज सकाळची एसटी, रोज संध्याकाळची एसटी. लोक विचारतात, धुळ्यालाच खोली का घेत नाहीस? मी म्हणते, इथं स्वतःचा फ्लॅट आहे. ते खरंच आहे. पण त्या फ्लॅटमध्ये आधी घटस्फोट घेऊन मी परत आले, मग आई गेली, आणि घर असं गप्प झालं की कुकरच्या शिट्टीनंसुद्धा मी दचकायचे. मला एकटं वाटायचं. हे एवढं साधं वाक्यही मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

मग फोनवर पॉडकास्ट सापडले. सुरुवातीला झोप यावी म्हणून लावायचे, पुढे सवयच लागली. ओट्यावर पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि भाजी परतायची. दोघी बायका गप्पा मारत. त्यातली एक, स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आतच हसत सुटायची. तिचं मांजर आजारी पडलं तेव्हा मी काळजीत होते, विश्वास ठेवा. मी त्यांना उत्तरंही द्यायचे. "नाही गं, तसं नसतं," असं कढईकडे बघत. त्या पुण्यात कुठेतरी बसून बोलायच्या आणि मेहरूणच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना माझं जेवण होईपर्यंत थांबायला लागायचं. आणि मुख्य म्हणजे त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं. सोबत असावी आणि तिनं विचारपूस करू नये, यापेक्षा मला तरी आणखी काय हवं होतं?

बसमध्ये तर त्यांच्याशिवाय निभावच लागला नसता. आमच्याकडची माणसं बोलकी. शेजारी बसलं की गिरणेचा पूल ओलांडायच्या आत "मिस्टर काय करतात?" आणि खरं सांगितलं तर ती नजर — आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर असते तशी. मला तिचा राग यायचा. म्हणून मी वायरवाले इअरफोन घेतले, मुद्दाम पांढरे. बिनवायरचे केसांखाली झाकले जातात. मग समोरच्याला कळणार कसं की आपण जागेवर नाही आहोत? पांढरी वायर दिसली की माणसं सोडून देतात. मी खिडकीला डोकं टेकवायचे, एरंडोल जायचं, कपाशीची रानं मागे पडायची, पुण्यातल्या दोघी हसायच्या. अर्धी जागी, अर्धी झोपेत. त्या धुंदीत मी कितीतरी महिने काढले.

पारोळ्याला बस अर्धी रिकामी होते. शिक्षकमंडळी उतरतात. त्या हिवाळ्यात माझ्या शेजारची जागा एका बाईनं धरली. साठीच्या आसपासची, नऊवारी नेसलेली, हाताला नेहमी कणकेचा वास. कंडक्टर तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही मनात अक्काच म्हणायला लागले. धुळ्यात एका बाईंनी घरातच स्वयंपाकाचा धंदा काढला होता, तिथं ती मांडे करायला जायची. खापरावरचे मांडे. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. हे सगळं मला तिनंच सांगितलं. पण मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. — थांबा, नीट सांगते.

एके दिवशी एरंडोलच्या पुढे माझ्या फोनचं चार्जिंग संपलं. दोघी वाक्याच्या मध्येच गेल्या. मी इअरफोन काढले नाहीत. का काढायचे? पारोळ्याला अक्का येऊन बसली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ऐकू येस का वं, माय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मानही हलवली नाही. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे?

"हाई पोरले काही ऐकू येत नही," ती स्वतःशीच म्हणाली. "बरं शे. कानमां बोळे शेतस." आणि तिनं बोलायला सुरुवात केली.

काय काय बोलली ती. सून चांगली आहे, पण चांगल्या माणसासमोर रडता येत नाही. अमळनेरच्या बहिणीशी एका पातेल्यावरून भांडण झालं आणि ते पातेलं शेवटी दोघींकडेही राहिलं नाही. नवरा असताना कधी तिच्याशी धड बोलला नाही, पण ती मांडा टाकायची तेव्हा हातातलं काम सोडून बघत उभा राहायचा. ते त्याचं बघणं तिला अजून आठवतं. आवाज बारीक, जरासा घोगरा, बसच्या घरघरीत मिसळलेला. मधूनच थांबायची, बाहेरचा कापूस बघायची, परत सुरू व्हायची. धुळं कधी आलं मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा फोन भरलेला होता. पारोळ्याला बस थांबली तशी मी त्या दोघींना बंद केलं.

हा पहिला दिवस होता ज्याला कसलीही सबब नाही. चार्जिंग संपलेलं नव्हतं. मला ती ऐकायची होती. तीही काल जिथं थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली, अगदी बेतानं, जणू कुणीतरी तिला काल मध्येच तोडलं होतं. मग ते रोजचंच झालं. जळगाव ते पारोळा पुण्याच्या दोघी, पारोळा ते धुळे अक्का. पुढे पुढे तर मी पिन फोनला जोडायचेही नाही. पर्सच्या कप्प्यात खोचून ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आणि मी मनात म्हणायचे, मी काय वाईट करते? तिला न ऐकणारा माणूस हवा आहे, मला न विचारणारा. दोघींचंही भागतं आहे.

एकदा तिनं व्याह्याच्या बनियनची काहीतरी गंमत सांगितली आणि मला हसू फुटलं. मी ओठ दाबले. ती गप्प झाली. माझ्याकडे तिनं जरा वेळ बघितलं असावं. माझे डोळे मिटलेले होते. तिला वाटलं असेल, कानातलं काही ऐकून हसते आहे. असं मी धरून चालले. तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऊन तापायला लागलं होतं, पळस फुलून गळून गेला होता, तेव्हा ती म्हणाली — तितक्याच हळू आवाजात, पातेल्याची गोष्ट सांगावी तसं —

"काखमां गाठ शे. कोन्हले सांगेल नही."

पुढचं मी तिच्या शब्दांत नाही सांगू शकत. गाठ दिवाळीपासून होती. वाढली होती. आता उजवा हात वर जात नव्हता, मांडा कोपरापर्यंत यायच्या आत फाटायचा, आणि ती म्हणायची कणीक बिघडली. दाखवायचं होतं तिला. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तिच्या लेखी तोंडावर आलेली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघर मांडे लागतात. तिची लेक सुरतेहून यायची होती. लेकीच्या सणात आजार कुणी काढावा? "आखाजी व्हई जाऊ दे," ती म्हणाली. "मंग दखाडसू."

आखाजीला अजून बरेच आठवडे होते.

मला समजलं नाही असं नाही. मी शिकलेली आहे, त्या गाठीचा अर्थ मला बसच्या त्या सीटवर बसल्या बसल्या कळला होता. एक वाक्य बोलायचं होतं. अक्का, आजच दाखवा, मी येते सोबत. धुळ्याचं सरकारी रुग्णालय मला माहीत होतं, अर्ध्या दिवसाची रजा मला कुणीही दिली असती. मी ते वाक्य घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं येत होतं. पण ते म्हणायचं तर कानातून वायर काढावी लागणार. मग ती म्हणणार, म्हणजे तू सगळं ऐकत होतीस? सुनेचं, नवऱ्याचं, रडण्याचं? मला त्या एका क्षणाची भीती वाटली.

आणि एवढंच असतं तर मी हे कदाचित सांगून मोकळी झाले असते. याखाली आणखी एक गोष्ट आहे. त्या संध्याकाळी मी भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं की मी उद्याची वाट बघते आहे. उद्या ती गाठीबद्दल पुढे काय सांगेल, याची. पुण्याच्या दोघी अर्ध्यावर थांबल्या की पुढच्या भागाची बघायचे ना, तशी. जितंजागतं माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून बसत होतं आणि मला त्याचा पुढचा भाग हवा होता.

दिवस गेले. मी रोज ठरवायचे, आणि पारोळा आलं की डोळे मिटायचे.

मग एक सकाळ. कंडक्टरला पास दाखवायला मी पर्स उघडली, परत मिटली, खिडकीला टेकले. अक्का बोलत होती. बोलता बोलता थांबली. माझ्या मांडीवर काहीतरी हलकंसं लागलं. मी डोळे उघडले. पांढरी वायर पर्समधून निसटून सीटखाली लोंबत होती आणि तिनं तिचं टोक, ती उघडी पिन, दोन बोटांत धरून माझ्या तळहातावर ठेवली होती.

"हाई भाईर पडेल व्हती, माय," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्यसुद्धा नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि थांबली होती. मी हसले त्या दिवसापासूनच तिला कळलेलं असणार. म्हणजे गाठीचं तिनं मलाच सांगितलं होतं — ऐकू येणाऱ्या मला. तिला मदत मागता येत नव्हती, म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं. आता पिन हातात देऊन ती वाट बघत होती. यापेक्षा सोपं कुणी कुणाला करून देतं का?

मी एका कानातला इअरफोन काढला. भुवया वर केल्या. आणि म्हणाले, "अं? काही म्हणालात?"

तिनं हात मागे घेतला.

"काही नही, माय."

मी पिन फोनला जोडली. गाणं, गप्पा, काय लागलं आठवत नाही. आवाज मोठा केला.

त्यानंतरही ती माझ्याच शेजारी बसायची. बोलली मात्र नाही. समोरच्या सीटच्या दांड्याला डाव्या हातानं धरून, सरळ बघत बसायची. आखाजीच्या आदल्या दिवशी उतरताना तिनं कागदात बांधलेला एक मांडा माझ्या मांडीवर ठेवला. मी तो ऑफिसात डब्याबरोबर खाल्ला. चांगला झाला होता. एका कडेला थोडा फाटलेला होता.

आखाजीनंतर ती बसला दिसली नाही. मी कंडक्टरला विचारलं नाही. पुन्हा कपाशीची बोंडं फुटली तेव्हा पारोळ्याला एक तरुण बाई चढली आणि माझ्याशेजारी बसली. तिच्याही हाताला तो कणकेचा वास. मी कानातलं काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये स्वतःहून कुणाला तरी विचारलं, त्या अक्का येत नाहीत आता?

"अक्का गयी ना, बाई. दिवाळीच्या आधीच." मग ती आपल्या नव्या जागी नीट बसली, पदर सावरला. "गाठ व्हती. फार उशीर करा तिनी. पोरले नही, सूनले नही, लेकले नही. कोन्हलेच सांगं नही."

मी विचारलं, "कुणालाच नाही?"

"कोन्हलेच नही."

मी मान हलवली. धुळं येईपर्यंत ती बाई बरंच काही बोलत होती, आणि मी तिला सांगितलं नाही की अक्कानं सांगितलं होतं.